त्रेचाळीस मीटरचं जंगल: उंबरखिंड, पऱ्हाट्या आणि माहूरची रायबागन

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून येणारा कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज काढून टाकला आहे.)

आजचा एपिसोड मी पुसदहून रेकॉर्ड करतोय. कंपनीचं ऑफिस पुण्यात, पण अर्धा महिना वर्क फ्रॉम होम असतं, म्हणून मी गावी. समोर टेबलावर लॅपटॉप आहे आणि त्याच्या शेजारी एक जंगल. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद. आज या जंगलाबद्दल आणि त्यात अडकलेल्या एका सैन्याबद्दल बोलायचंय.

आधी शब्द क्लिअर करू. डायोरामा म्हणजे ठरावीक प्रमाणात केलेला देखावा. जमीन, झाडं, माणसं, सगळं एकाच मापात छोटं केलेलं. जगभर लोक हा छंद करतात, त्यात लढायांचे डायोरामा फार. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. दिवाळीत अंगणात चिखलाचा किल्ला कोणी कोणी केलाय? दगड-विटा रचायच्या, पोतं टाकायचं, वरून माती लिंपायची, मोहरी पेरायची आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे उभे करायचे. फरक एवढाच की आपल्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि वाघ हत्तीएवढा. स्केल मॉडेलिंगमध्ये ते चालत नाही.

मला जंगलातली लढाई करायची होती. व्हिएतनाम आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांचे भारी भारी डायोरामा मी यूट्यूबवर पाहिले होते. मग वाटलं, आपल्याकडे एवढी मोठी जंगलातली लढाई झालीय, ती का नको? उंबरखिंड. २ फेब्रुवारी १६६१.

थोडी पार्श्वभूमी. मे १६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. ऑगस्टमध्ये त्याने चाकणचा किल्ला घेतला, पण जवळपास दोन महिने वेढा घालून. एका छोट्या भुईकोट किल्ल्याला एवढा वेळ, तर डोंगरी किल्ल्यांना किती लागेल? मग त्याने उत्तर कोकणाकडे सैन्य पाठवायचं ठरवलं आणि काम दिलं कारतलबखान या उझबेक सरदाराला. खान लोणावळ्याच्या बाजूने निघाला आणि कुरवंडे घाटाने खाली उतरायला लागला. लोणावळा-खंडाळ्याला गेलेल्यांनी नागफणीचा सुळका पाहिला असेल, ज्याला ड्यूक्स नोज म्हणतात. त्याच्याच बाजूचा हा घाट. खाली चावणी गाव, अंबा नदीचं पात्र, आणि मध्ये दाट झाडीची अरुंद वाट. दोन्ही बाजूंच्या झाडीत मराठे बसले होते. खानाचं सैन्य पूर्ण आत शिरेपर्यंत कोणी हू की चू केलं नाही. मग पुढची वाट बंद, मागची बंद, आणि वरून बाण आणि गोळ्या. शेवटी खान शरण आला, सामानसुमान टाकून, खंडणी कबूल करून, जीव घेऊन परत गेला. शिवाजी महाराजांनी त्याला जाऊ दिलं.

शाळेत आपण हे चार ओळींत शिकलो. मीही तेवढंच घेऊन कामाला लागलो.

पहिला प्रश्न मापाचा. मी १:७२ हे स्केल घेतलं. म्हणजे खऱ्या ७२ सेंटिमीटरचं टेबलावर एक सेंटिमीटर. साडेपाच फुटांचा माणूस सव्वादोन सेंटिमीटरचा होतो. पंचवीस मीटर उंच झाड पस्तीस सेंटिमीटरचं. ठीक. आता उलटं गणित करा. माझा साठ सेंटिमीटरचा बोर्ड म्हणजे खरी जमीन किती? ०.६० गुणिले ७२, म्हणजे ४३.२ मीटर. रुंदी साधारण ३२ मीटर. बस्स. एवढ्यात लढाई बसवायची!

मग कॅल्क्युलेटर हातात होताच, तर आणखी एक हिशोब केला. अरुंद वाटेवर घोडेस्वार एकामागे एक चालले, आणि एका घोड्याला पुढच्या-मागच्या अंतरासकट तीन मीटर धरले, तर फक्त हजार घोड्यांची रांग तीन किलोमीटर होते. माझ्या स्केलमध्ये तीसुद्धा जवळपास बेचाळीस मीटर. आमच्या घरापासून गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानापर्यंत. आणि खानाबरोबर हजार नव्हे, कित्येक हजार माणसं होती. शिवाय बैल, सामान, बाजारबुणगे.

इथे माझं डोकं पहिल्यांदा थांबलं. नकाशावर आपण उंबरखिंड वरून बघतो. हिरव्या पट्ट्यात लाल बाण, दोन्ही बाजूंनी भगवे बाण. असं त्या दिवशी तिथे कोणालाच दिसलं नाही. खाली अडकलेल्या माणसाला त्याच्या पुढचा घोडा दिसला असेल, मागचा बैल दिसला असेल आणि दोन्हीकडे पानं. पुढे काय झालंय हे त्याला ओरडण्यावरूनच कळणार. म्हणजे माझा त्रेचाळीस मीटरचा तुकडा छोटा पडत नव्हता. एका सैनिकाची लढाई तेवढीच होती.

आता झाडं. बाहेर देशात मॉडेलची झाडं विकत मिळतात, पण किंमत बघितली की आपण ॲप बंद करतो. यवतमाळ जिल्ह्यात मात्र लहान झाडांचा साठा प्रत्येक वावरात पडलेला असतो. पऱ्हाटी! कापूस वेचून झाला की उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या. वरची टोकं कापून घेतली तर अगदी छोट्या झाडाचा सांगाडा. खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या, सगळं प्रमाणात. मी वावरातून भाराभर आणल्या आणि खोलीत ठेवल्या. चार दिवसांनी टेबलावर गुलाबी अळ्या. वाळक्या बोंडांत बोंडअळी दडून बसते हे शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी विसरलो होतो. बाबा म्हणाले, “आम्ही वर्षभर हिच्याशी भांडतो, न तू तिला एसीत नेऊन ठेवलं.” तर कोणी करणार असाल तर आधी एकूणएक बोंड काढून टाका, काड्या कडक उन्हात वाळवा, मगच घरात आणा.

जमिनीसाठी वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवली. सागाची वाळकी पानं मिक्सरमधून काढली, त्यावरून आईने जे ऐकवलं ते ट्रान्स्क्रिप्टमध्ये देत नाही. थर्माकोलचा उतार, त्यावर प्लास्टर, त्यावर फेव्हिकॉल-पाणी आणि मग हा चुरा. दगड पूस नदीतले. फेब्रुवारीतलं जंगल म्हणून मी बाहेर बघून केलं: निम्मी पानं गळलेला साग, खाली तांबूस पाचोळ्याचा थर, मध्येच फुलायला लागलेला पळस. महिनाभर लागला. झालं तेव्हा एकदम खरं वाटत होतं.

खरं होतंच ते. फक्त उंबरखिंडीचं नव्हतं.

हे मला कळलं पुढच्या पुणे फेरीत. एका शनिवारी चावणीला गेलो, फेब्रुवारीतच. तिथे आता लढाईचं स्मारक आहे. मी ओढ्याच्या कडेने झाडीत शिरलो आणि पाच मिनिटांत समजलं की आपण घोळ घातलाय. यवतमाळला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर चार हजारांच्या वर. तिथल्या घळीत फेब्रुवारीतही जांभूळ, आंबा, उंबर हिरवेगार. उतारावर कारवी, माणसाच्या उंचीची, काठीला काठी लागून उभी. मध्ये बांबू, झाडांवर चढलेल्या वेली. मी वाटेपासून दहा पावलं आत गेलो, आणि वाटेवर उभ्या असलेल्या मित्राला मी दिसेना. त्याने फोटो काढला, त्यातही मी नाही.

आता आमच्याकडचं फेब्रुवारीतलं सागवनाचं रान आठवा. पानं गळलेली, त्यामुळे आरपार दिसतं. आणि खाली सागाची पानं म्हणजे पापडच. रानडुक्कर चाललं तरी पन्नास पावलांवरून कर्रकर्र ऐकू येतं. त्या रानात शेकडो माणसं लपवून बसवा बरं! माझ्या पहिल्या डायोरामात दबा धरणं शक्यच नव्हतं. मी जे जंगल बनवलं होतं, त्यात कारतलबखान वाचला असता.

म्हणून मी म्हणतो की ‘दाट जंगल’ हे दोन शब्द इतिहासाच्या पुस्तकात फार स्वस्तात वापरले जातात. कुठलं जंगल? कुठल्या महिन्यातलं? पानं ओली की वाळकी? यावर कोणाला काय दिसणार, काय ऐकू येणार हे ठरतं. मुघल सैन्याची ताकद घोडदळ, तोफा आणि मोठी छावणी. यातलं एकही त्या वाटेवर उपयोगाचं नाही. घोडा वळवायला जागा नाही. तोडेदार बंदूक आहे, पण नेम कशावर धरणार, पानांवर? पंगतीत उभं राहून लढायचं म्हटलं तर पंगत मांडायला मैदान नाही. माणसं जास्त असणं हाच तिथे तोटा, कारण मागचा पुढच्याला ढकलतो आणि पुढच्याला जागा नाही. त्यात पाण्याचा प्रश्न.

आणखी एक गंमत. तिथे काढलेल्या माझ्या फोटोंत जागोजागी टणटणी होती. घाणेरीही म्हणतात तिला, रंगीबेरंगी बारीक फुलांचे गुच्छ येतात. आपल्याकडेही रानोमाळ आहे. मी ती मॉडेलमध्ये टाकणारच होतो. मग वाचलं की ही मूळची अमेरिका खंडातली आणि भारतात आली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे १६६१ मध्ये तिचं एक पानही इथे असायला नको. आजचं जंगल जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलं, तर तो इतिहास होत नाही. साडेतीनशे वर्षांत काय आलं आणि काय गेलं ते वजा-बाकी करून बघावं लागतं.

जुनं जंगल खरवडलं. सगळं नव्याने. आधी जमीन आणि झाडीचा खालचा भाग जवळपास काळा रंगवला, कारण दाट झाडीत उजेड वरच अडतो. मग वर जाता जाता हिरवा, प्रत्येक झाडाला वेगळा. एकाच बाटलीतला हिरवा सगळीकडे मारला की ते जंगल न दिसता लग्नाचं स्टेज दिसतं. कारवीसाठी खराट्याच्या काड्या, त्यांना कागदाची पानं एकेक करून. वेलींसाठी सुतळीचे सुटे धागे. मोठ्या झाडांचे सांगाडे पुन्हा पऱ्हाट्यांचेच, पण आता पानांनी भरलेले. ओढ्यात थोडंसं पाणी, रेझिनचं. पूस नदीचे दगड तेवढे तसेच ठेवले. काळा पाषाण पुसदलाही तोच आणि सह्याद्रीतही तोच.

आता माणसं. १:७२ मध्ये मला हवे तसे मराठे-मुघल तयार मिळाले नाहीत, म्हणून तारेवर एम-सील चढवून केले. खाली सव्वीस, वर नऊ. वरचे नऊ शोधावे लागतात, आणि तसंच हवं होतं.

एक दिवस माझी भाची आली. वय वर्षं सात. टेबलाला हनुवटी टेकवून बघत होती. म्हणाली, “मामा, याच्यात आपले कोणते?” मी पटकन वरचे नऊ दाखवले. झाडीतले. ती म्हणाली, “मग हे खालचे?” मी म्हटलं, “ते शत्रू.” ती खेळायला पळाली, पण माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. कारण आदल्याच आठवड्यात मी एक नाव वाचलं होतं.

उंबरखिंडीची सगळ्यात सविस्तर हकिकत ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. लिहिणारे कवींद्र परमानंद, शिवाजी महाराजांचे समकालीन. त्यात कारतलबखानाबरोबरच्या सरदारांची नावं येतात. त्या यादीत कोकाटे आहेत, गाढे आहेत, जाधवराव आहेत. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावरची आडनावं. आणि एक बाई आहे. रायबागन.

रायबागन हा किताब, म्हणजे राजवाघीण. बाईंचं नाव सावित्रीबाई, माहूरच्या देशमुख घराण्यातल्या. माहूर! नकाशात आज ते नांदेड जिल्ह्यात आहे, पण आम्हा पुसदकरांना माहूर कोणी सांगायला नको. धनोड्याचा पूल ओलांडला, पैनगंगा मागे टाकली की माहूर. लग्न झालं की रेणुकामातेच्या दर्शनाला माहूर, मूल झालं की माहूर. माझी आजी त्याच बाजूची. वऱ्हाड १५९६ मध्ये मुघलांकडे गेलं आणि माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हा समजा. उंबरखिंडीच्या वेळी आमच्या भागात मुघल राज्याला पासष्ट वर्षं झाली होती. दोन-तीन पिढ्या. देशमुखीण मोहिमेवर निघाली म्हणजे तिच्याबरोबर माणसं कुठली असणार? आसपासच्या गावांतलीच ना! कोणी शिपाई, कोणी मोतद्दार, कोणी बैल हाकणारा. माझा कोणी पूर्वज त्या दिवशी उंबरखिंडीत होता असं मी म्हणत नाही. त्याला माझ्याकडे काही पुरावा नाही. पण असलाच, तर तो वरच्या नऊमध्ये असण्यापेक्षा खालच्या सव्विसांत असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

लहानपणापासून दिवाळीच्या किल्ल्यावर मी मावळाच होतो. एकदाही दुसरा विचार आला नाही.

आणि शिवभारतात या बाई काय करतात बघा. सैन्य कोंडलंय, खानाला सुचत नाहीये. तेव्हा त्याला खरं सांगणारी ती आहे. तिचा सल्ला थोडक्यात असा: या अरण्यात सैन्य आणलंस हीच चूक झाली, आता शरण जा आणि स्वतःला व माणसांना वाचव. खान ऐकतो. दूत जातो, तह होतो, माणसं जिवंत बाहेर पडतात. आपल्याकडे तिची गोष्ट कोणी सांगितलीच, तर ‘बघा, शत्रूनेही मान्य केलं’ एवढ्यासाठी सांगतात. मला वाटतं तिचं श्रेय तिला वेगळं द्यायला हवं. हरलेल्या सैन्यात उभं राहून वरिष्ठाला ‘आपण चुकलो’ म्हणायला काय लागतं, हे ज्यांनी ऑफिसात एकदा तरी प्रयत्न केलाय त्यांना माहीत आहे. आणि इथे पणाला लागले होते हजारो जीव.

यावरून एका इंग्रजाची गोष्ट आठवते. विल्यम सायबोर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात वॉटर्लूच्या लढाईचं प्रचंड मॉडेल केलं. एका मैलाला नऊ फूट असं प्रमाण, हजारो शिशाचे सैनिक. त्यासाठी तो अनेक महिने रणांगणावर राहिला आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही नेमके कुठे होता? मॉडेल १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांना दाखवलं. वाद झाला तो कशावरून? प्रशियाचे सैनिक किती आणि कुठे उभे केले यावरून. ते जितके जास्त दिसतील तितका विजय वेलिंग्टनच्या एकट्याचा राहत नाही. म्हणजे बोर्डावर कोणाला उभं करायचं, हा निर्णय कधीच नुसता हौसेचा नसतो.

मी माझा बोर्ड तिसऱ्यांदा बदलला. जंगल तेच ठेवलं, क्षण बदलला. आधी गोळीबार दाखवणार होतो, कारण फोटोत तो भारी दिसतो. आता गोळीबार थांबलाय. वाटेच्या मध्ये खान घोड्यावर आहे, मान खाली. शेजारी दुसऱ्या घोड्यावर रायबागन, हात मागच्या माणसांकडे केलेला. एक शिपाई ओढ्यावर वाकून पाणी पितोय. एक जण बैलाच्या पाठीवरचं ओझं सोडतोय. त्याला मी आमच्या आजोबांसारखं पागोटं बांधलंय. वर झाडीत नऊ जण आहेत, धनुष्य खाली केलेले. महाराज माझ्या त्रेचाळीस मीटरमध्ये नाहीत. त्या वाटेवरून ते दिसलेच नसते.

मित्रांपैकी एकाने फोटो पाहून विचारलं, “म्हणजे तू आता त्यांच्या बाजूने?” नाही रे. उंबरखिंड हा अप्रतिम विजय आहे, आणि जंगल बनवल्यावर तो मला पूर्वीपेक्षा जास्त कळतो. कुठली वाट, कुठली झाडी, किती वेळ गप्प बसायचं, आणि शरण आलेल्याला जाऊ द्यायचं. पण तो विजय ज्यांच्यावर मिळवला ती माणसं होती, आणि त्यातली काही पैनगंगेच्या आसपासची असू शकतात, हेही त्याच इतिहासात आहे.

परवा भाची पुन्हा आली. मी तिला रायबागन दाखवली, म्हटलं ही माहूरची. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “मग ही घरी गेली का?” गेली, मी म्हटलं. सगळ्यांना घेऊन गेली.

तर यंदाच्या दिवाळीला किल्ला करणार असाल, तर बाजारातून एखादी मूर्ती जास्त आणा. तटाच्या आतली नको, बाहेरची. फोटो नक्की पाठवा. आणि पऱ्हाट्या वापरणार असाल तर बोंडं आधी काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.